पहिल्या पाण्याचा मान

हिरेकट्टीत घड्याळं भिंतीभिंतीला आहेत, मोबाइल तर शेंबड्या पोरांच्याही हातात आहेत. पण पाण्याच्या दिवशी गावाला वेळ कळते ती धनलक्ष्मीच्या चावीवरून. कमरेएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर कुदळीसारखी टाकलेली, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पायांत नवऱ्याच्या मागं राहिलेल्या मोठ्या चपला. ती कोपऱ्यावर दिसली की चुलीवरचं कालवण चुलीवर राहतं आणि हाक उठते, "आली गं चावीवाली! भांडी काढा!"

गाव सोलापूरच्या दक्षिणेला, अक्कलकोटकडच्या अंगाला. निम्मं गाव मराठी बोलतं, निम्मं कन्नड, आणि भांडायची वेळ आली की अख्खं गाव दोन्ही बोलतं. पाणी चौथ्या दिवशी. टाकी एक, आळ्या चार. सगळीकडं एकदम सोडलं तर नळाला नुसता वारा येतो, म्हणून रस्त्याकडेच्या खड्ड्यांत बसवलेला एकेका आळीचा व्हॉल्व्ह चावीनं पाळीपाळीनं उघडायचा. हे ग्रामपंचायतीचं काम आधी शिवशरण करायचा. तो छातीत कळ येऊन बसल्या जागी गेला, आणि पंचायतीनं त्याची जागा त्याच्या बायकोला दिली.

दिली म्हणजे हसत हसतच दिली. धनलक्ष्मी वैरागच्या बाजारपेठेतली, कुंकवा-बुक्क्याच्या दुकानदाराची लेक. हातात कधी कुंकवाच्या डबीहून जड काही धरलेलं नाही असा गावाचा समज. "बाईच्यानं चावी फिरायची न्हाय," असं पंच म्हणाले. पहिल्या दिवशी व्हॉल्व्ह खरंच हलेना. बघे कडेला उभे. धनलक्ष्मी घरी गेली, देवाच्या समईतलं तेल वाटीत घेऊन आली, व्हॉल्व्हच्या मानेवर सोडलं, 'ॐ नमः शिवाय' म्हणाली आणि जात्याचा खुंटा ओढतात तसा चावीचा दांडा अंगाकडं ओढला. करकरत फिरला. सरपंच महादेवप्पा एवढंच म्हणाले, "जात्यावर बसलेली बाई हाय रे. चला, घरी चला."

शिवशरण जिवंत असताना या कामातलं एकच तिला पुन्हा पुन्हा बजावायचा. "पहिलं पाणी मठाच्या आळीला. देवाच्या अभिषेकाचं असतंय ते. त्यात मागं-पुढं करायचं न्हाय." नवऱ्याचा शब्द आणि देवाचं काम! धनलक्ष्मी पहाटे मठाच्या आळीच्या व्हॉल्व्हवर चिमूटभर विभूती टेकवायची, डोळे मिटून हात जोडायची, मगच चावी घालायची. महादेवाचं देऊळ आणि तिचं घरही त्याच आळीत. सासू निंगव्वा त्याच वेळी ओलेत्या लुगड्यानं, तांब्याची घागर कमरेवर घेऊन आळीच्या टोकाच्या विहिरीवरून परतत असायची. "बाजूला हो! मडीत हाय मी, शिवू नकोस," असं ती सुनेला ओरडायची, कुत्र्याला ओरडायची, वाऱ्यालाही ओरडायची. सोवळ्याला त्या बाजूला मडी म्हणतात, आणि निंगव्वाची मडी म्हणजे पोलादी काम.

मठाच्या आळीनंतर बाजारआळी, मग वरची आळी, आणि शेवटी गावाबाहेर जुन्या दगडखाणीजवळची खाणवस्ती. तिची पाळी येईपर्यंत ऊन चांगलं वर आलेलं असायचं. तिकडं व्हॉल्व्ह उघडला की इकडं शाळेची घंटा वाजायची. असं किती वर्षं चाललं होतं कोण जाणे. घंटा आणि पाणी, दोन्ही एकदम कानावर पडायचं, आणि धनलक्ष्मीला त्यात काही वावगं वाटायचं नाही. काम नेटकं चाललंय, एवढंच वाटायचं.

सोलापुरातली संक्रांतीची गड्ड्याची यात्रा नुकतीच सुरू झाली होती, त्या दिवसांतली गोष्ट. खाणवस्तीच्या सार्वजनिक नळावर धनलक्ष्मी पाण्याचा जोर बघायला थांबली. नळावर एकही मोठं माणूस नाही. बाया उजाडताच टेम्पोत बसून द्राक्षबागांवर आणि कांद्याच्या रानात गेलेल्या. रांगेत सगळ्या पोरी. त्यांत वस्तीतल्या मुक्ताबाईची लेक रेश्मा, सातवीतली, दोन्ही हातांत कळशा. अंगात शाळेचा ड्रेस, गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"अगं, शाळेच्या कपड्यांवर पाणी भरलालीस? चिंब झालीस की."

"घातले म्हंजे जरा बरं वाटतंय मावशी. आज जानार असं वाटतंय."

"मग जा की. राहिलेलं संध्याकाळी भर."

"संध्याकाळी नळ काय माझ्या मामाचा हाय व्हय?"

पोरी खिदळल्या. रेश्मानं कळशी खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मावशी, कोडं घालू? आमची शाळा कुनाच्या हातात हाय?"

"बाईंच्या."

"चूक."

"सरकारच्या मग."

"ते बी चूक. तुमच्या खांद्यावरच्या चावीच्या हातात हाय. तुमी चावी फिरिवली की आमची शाळा बंद!"

सगळ्या हसल्या. धनलक्ष्मीही हसली. पण घरी येऊन तव्यावर भाकरी टाकली आणि ती करपून काळी झाली तरी तिला कळलं नाही. निंगव्वा स्वयंपाकघरात डोकावून म्हणाली, "अय्यो शिवने! भाकरी करलालीस का कोळसा?"

त्याच आठवड्यात मुक्ताबाई देवळाच्या पायरीवर भेटली. शाळेत जाऊन आली होती. "बाईंना सांगून आले, रेश्मीचं नाव काढा म्हनून," ती म्हणाली. "पान्याच्या दिवशी ती घरी, दुसऱ्या दिशी बाई विचारत्यात काल कुटं होतीस. गणित पुढं जातंय, पोरगी मागं. रडती, मार खाती, परत पानी भरती. त्यापरीस माझ्यासंगं टेम्पोत येईल."

"बाई काय म्हणाल्या?"

"म्हनल्या, ग्रामसभा होऊ दे, तवर थांबा. थांबते. ग्रामसभेत काय व्हनार हाय, धनाताई? हार आन् नारळ!"

धनलक्ष्मीनं गाभाऱ्याकडं बघितलं. शंकरासमोर नंदादीप तेवत होता. तिच्या मनात आलं, लेकराच्या तोंडून देव बोलतो असं आपणच म्हणतो, आणि बोलला की म्हणतो, गप बस रे.

उपाय काही अवघड नव्हता. खाणवस्तीला पहाटे पहिलं पाणी द्यायचं, बाया टेम्पो यायच्या आत भरून घेतील. मठाच्या आळीत घरोघरी हौद आहेत, मोटारी आहेत, माणसं घरात आहेत. त्यांना शाळेच्या वेळी मिळालं तरी बिघडत नाही. दोघांची अदलाबदल, बस्स. ती पदर खोचून सरपंचांकडं गेली.

महादेवप्पा अंगणात शेंगा फोडत बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि मूठभर शेंगा तिच्याकडं सरकवल्या. "धनव्वा, तुझं खरं हाय. पन देवाचं पानी मागं ढकलायचं म्हंजे... मी सरपंच हाय गं, देवाचा साहेब न्हाय."

"देवाला लेकरांचं कळत नसेल का, मालक?"

"देवाला कळतंय. धोंडप्पाला कळायचं न्हाय."

धोंडप्पा म्हणजे मठाच्या आळीतला धान्याचा व्यापारी, देवळाचा पंच. यात्रेत सगळ्यात पुढं, आरतीत सगळ्यात मोठा आवाज. त्याला न विचारता त्या आळीत चिमणीही खोपा करत नाही, असं लोक म्हणायचे.

पण त्याच सुमारास पंचायतीत पत्र आलं होतं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेआधी गावातल्या मुलांची बालसभा घ्या, मुलांचं म्हणणं ऐका आणि ते ग्रामसभेपुढं ठेवा. ग्रामसेवक अभिमन्यू माढ्याचा, नवा, कागदाला घाबरणारा तरुण. त्यानं बिस्किटांचे पुडे आणले, फोटोसाठी फलक रंगवून घेतला. धनलक्ष्मी चावी भिंतीला टेकवून त्याच्यापुढं उभी राहिली.

"भाऊसाहेब, एक सांगू? बिस्किटं शेवटी वाटा."

"का हो मावशी?"

"आधी वाटली की पोरं पळतात. फोटोत नुसता फलक राहतो. आणि एक. पोरांना खरंच विचारा. पत्रात 'ऐका' लिहिलंय ना, मग ऐकायचं की."

अभिमन्यू हसला, पण माणूस सरळ होता. शाळेच्या व्हरांड्यात त्यानं खुर्ची बाजूला सारली आणि पोरांबरोबर सतरंजीवर बसला. आधी पोरं एकमेकांना ढोसत राहिली. मग एकानं सांगितलं, मैदानात म्हशी बांधतात. दुसरा म्हणाला, खिचडीला मीठ नसतं. तिसऱ्यानं विचारलं, सरपंचांचा कुत्रा चावतो, हे सांगितलं तर चालतंय का? हशा पिकला. त्या हशातच रेश्मा उभी राहिली.

"आमच्या वस्तीला पानी शाळेच्या टायमाला येतंय. पोरं शाळेत जात्यात, आमी पोरी नळावर. आमाला पहाटं पानी द्या. आमच्या आया घरी असत्यात तवा." श्वास घेऊन ती पुढं म्हणाली, "दुसरं काय नको. झोका बी नको."

अभिमन्यूनं ते वहीत लिहून घेतलं. तेवढ्यात धोंडप्पाचा नातू बसवेश, चौथीतला, सतरंजीवरून उठला. "साहेब, आमच्याकडं मोठ्ठा हौद हाय. पानी कवाबी येऊ दे की! पहाटं आजोबा मोटार लावत्यात, माझी झोप मोडतीया."

हसून हसून शाळेच्या बाईंनी तोंडाला पदर लावला. ठराव झाला: खाणवस्तीला पहिलं पाणी. बिस्किटं शेवटी वाटली, आणि बसवेशला दोन पुडे मिळाले.

बातमी दिवेलागणीच्या आत मठाच्या आळीत पोचली. धोंडप्पा धनलक्ष्मीच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही, आवाजही चढवला नाही. "धनव्वा, चावी लई जड व्हायला लागली काय गं? सांग तसं. दुसऱ्या कुनाच्या खांद्यावर देऊ. माणसं काय कमी हायत?"

तो गेल्यावर निंगव्वानं सुनेला फैलावर घेतलं. "तुला कोनी सांगितलं होतं गावाचा कारभार करायला? पोरगा गेला माझा, त्याच्या चावीवर चूल पेटतीया. भरल्या ताटाला लाथ मारती का कोन?"

"अत्याबाई, पोरींची शाळा सुटलाली ओ."

"सुटू दे की! मी कुटं शाळेत गेले? मेले का?"

धनलक्ष्मीनं समईची वात सारखी केली. देवापुढं बसली आणि हात जोडले. चावी गेली तर घर कसं चालवायचं ही भीती होतीच. पण तिच्याहून मोठी भीती दुसरीच होती. खरंच देवाचं पाणी अडवल्याचं पाप लागलं तर? रेश्माचं तोंड एकीकडं, नवऱ्याचे शब्द एकीकडं, आणि मधोमध महादेव काही न बोलता बसलेला.

ग्रामसभा देवळासमोरच्या मंडपात भरली. झेंडावंदन होऊन नारळ फुटला होता. पुरुष खुर्च्यांवर, बाया खांबांच्या कडेला, शाळेची पोरं देवळाच्या ओट्यावर चढून बसलेली. मुक्ताबाई त्या दिवशी टेम्पोत गेली नव्हती. अभिमन्यूनं ठराव वाचला आणि घाम पुसला.

धोंडप्पा उठला. आधी गाभाऱ्याकडं वळून हात जोडले, मग लोकांकडं वळला. "लेकरं म्हंजे देवाची फुलं. मला बी नातवंडं हायत. पन एक सांगा मला. पिढ्यान् पिढ्या पहिलं पानी देवाच्या अभिषेकाला जातंय. ते आता मागं ठेवायचं? देव पारोसा बसवायचा आन् आपन आंघोळी करायच्या? कुनाची छाती हाय, त्यानं हात वर करावा."

एकही हात वर गेला नाही. देवाच्या विरुद्ध हात कोण वर करणार? महादेवप्पा टोपी काढून डोकं खाजवू लागले. अभिमन्यू कागद उलटासुलटा करून बघू लागला. ओट्यावर रेश्मा खाली मान घालून बसली. मुक्ताबाईनं शाळेच्या बाईंकडं असं बघितलं की, सांगितलं नव्हतं का मी?

धनलक्ष्मी उठली. तिनं चावी समोर रोवून धरली.

"देवाची भीती मला बी वाटते, अण्णा. दर पाळीला व्हॉल्व्हला विभूती लावून मी चावी घालते. देव पारोसा राहावा असं मी कशी म्हणेन?" तिनं पदर सावरला. "पण पोरींची शाळा बुडवून आलेलं पाणी देवाला गोड लागत असेल असं मला वाटत नाही. अभिषेकाचंच अडत असेल, तर मी वाहीन. रोज पहाटे न्हाऊन, ओलेत्यानं, माझ्या डोक्यावरून देवाला घागर आणून घालीन. एक दिवस चुकले तर चावी काढून घ्या."

"तू?" खांबामागून आवाज आला. "तू का आनशील? मी काय मेले?"

निंगव्वा उठली होती. गुडघ्यावर हात ठेवून, एकेक पाय पुढं टाकत ती मंडपाच्या मधोमध आली. आधी सुनेकडं रागानं बघितलं, मग धोंडप्पाकडं वळली.

"धोंडप्पा, कंचं अभिषेकाचं पानी म्हनलास तू?"

"पहिलं पानी, निंगव्वा. नळाचं. पहाटेचं."

"नळाचं?" म्हातारीनं कपाळावर हात मारून घेतला. "अय्यो शिवने! नळाचं पानी माझ्या महादेवाला? नळात चामड्याचा वायसर असतोय रे! मडीतल्या देवाला ते चालतंय व्हय? माझ्या सासूनं एक थेंब चालू दिला न्हाय, मी चालू दिला न्हाय. रोज थंडीत कुडकुडत मी विहिरीवर काय तमाशा बघायला जाते? सिद्धाप्पा! ए सिद्धाप्पा! भायेर ये! देवाला न्हाऊ कोन घालतंय ते सांग ह्यास्नी!"

पुजारी सिद्धाप्पा गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर आला. हात धोतराला पुसत शांतपणे म्हणाला, "निंगव्वाची घागर आल्याबिगर माझा देव न्हात न्हाय. नळ गावात आला तवापासून त्याचं टिपूस बी गाभाऱ्यात गेलं न्हाय. मला कुनी इचारलंच न्हाय कधी."

सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागले. सोवळं सगळ्यांना ठाऊक होतं. म्हातारीची घागर रोज सगळ्यांच्या दारावरून जात होती. पहिलं पाणी देवाचं, हेही सगळ्यांना पाठ होतं. पण या दोन गोष्टी शेजारी ठेवून कुणी बघितल्याच नव्हत्या. धनलक्ष्मीनंही नाही. सासू घागर घेऊन तिच्या अंगावर ओरडून पुढं जायची, आणि ही व्हॉल्व्हपुढं हात जोडून उभी! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

मग बायांकडून कुणीतरी खुसखुसलं. "मंग इतकी वर्सं देव कुनाच्या हौदात न्हात होता ओ?" आणि सगळा मंडप फुटला. हसणं थांबेना. बाजारआळीतले दोघे तर खुर्चीवरून वाकले. धोंडप्पाचा चेहरा वांग्यासारखा झाला. तो काहीतरी म्हणाला, पण कुणाला ऐकू गेलं नाही.

निंगव्वा मात्र हसत नव्हती. "देवाचं नाव घेतलं आन् आपली टाकी भरली," ती म्हणाली. "देव लबाडी खपवून घेतोय. मी न्हाय घेनार." मग ओट्याकडं बघून विचारलं, "ती शाळेची पोरगी कंची गं? शाळा बुडतीया ती?"

रेश्मा उभी राहिली. म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लई वाळलीस. कळशा उचलून उंची खुंटती. जा, शिक."

महादेवप्पांनी टोपी परत डोक्यावर ठेवली आणि घसा खाकरला. "खाणवस्तीला पहिलं पानी. हात वर करा."

खाणवस्तीचे हात वर गेले, बाजारआळीचे गेले, वरच्या आळीचे गेले. मग मठाच्या आळीतल्या बायांचे, एकमेकींकडं बघत. ओट्यावरच्या पोरांनी तर दोन-दोन हात वर केले.

"ए, तुमचे हात मोजत न्हाय रे!" सरपंच ओरडले.

"आमचे मोजून झाल्यात, मालक," रेश्मा म्हणाली. "बालसभेत!"

पुढच्या पाण्याच्या दिवशी धनलक्ष्मी पहाटे चावी घेऊन निघाली आणि सवयीनं मठाच्या आळीच्या व्हॉल्व्हपाशीच थांबली. मग स्वतःशी हसून पुढं चालू लागली. खाणवस्तीच्या व्हॉल्व्हवर तिनं विभूती टेकवली, डोळे मिटले, हात जोडले आणि दांडा अंगाकडं ओढला. लांब अंधारात नळाला आधी घरघर लागली, मग धार पडली, आणि हंडे-कळशांचा असा गलका उठला की जणू वस्तीत लग्न निघालंय. "या धनाताई, या!" मुक्ताबाईनं लांबूनच हाक मारली. सगळ्या आया नळावर होत्या. टेम्पो आला तेव्हा पिंपं काठोकाठ भरली होती, आणि टेम्पोत चढताना मुक्ताबाईनं लेकीला सांगितलं ते सगळ्या वस्तीनं ऐकलं, "दप्तर घे गं! हजेरीला उशीर झाला तर बघ!"

शाळेच्या घंटेच्या वेळी धनलक्ष्मी मठाच्या आळीत पोचली. धोंडप्पा हौदाच्या काठावर नळी धरून उभा होता. तिला बघून त्यानं पाठ फिरवली. बसवेशनं मात्र दप्तर पाठीवर टाकता टाकता सांगितलं, "मावशी, आज माझी झोप झाली!"

"झाली ना? मग पळ."

रस्त्यानं खाणवस्तीच्या पोरी चालल्या होत्या, ओळीनं. पाय कोरडे, वेण्या घट्ट. रेश्मा सगळ्यात पुढं. व्हॉल्व्हच्या खड्ड्याजवळ ती थांबली.

"मावशी, कोडं घालू?"

"आज नको बाई, मला काम आहे."

"सोपं हाय. आज पान्याचा दिवस. मग आमची शाळा कुटं हाय?"

धनलक्ष्मीनं चावीच्या दांड्यावर भार दिला. पाणी आत खळखळू लागलं. "कुठं गं?"

"शाळेत!" रेश्मा म्हणाली, आणि सगळ्या पोरी हसत घंटेच्या दिशेनं पळाल्या.

तेवढ्यात कोपऱ्यावरून तांब्याची रिकामी घागर घेऊन निंगव्वा येत होती. पळत्या पोरी अंगावर आल्या तशी ती भिंतीला टेकून उभी राहिली. एकीचं दप्तर तिच्या पदराला घासून गेलं. धनलक्ष्मीनं जीभ चावली, आता ओरडणार. पण म्हातारी पदर झटकून नुसती म्हणाली, "जाऊ दे, जाऊ दे. देवाचं न्हाऊन झालंय."